काट्यांची भीती घालवणारा कुरकुरीत मासा

खान्देशातल्या घरात माशाचे नाव काढले की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, समुद्र लांब. सुरत धुळ्याहून दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त, मुंबई तर त्याहून पलीकडे. बर्फात येणारा पापलेट महिन्याच्या हिशेबात बसत नाही. दुसरी तक्रार, गोड्या पाण्याचा मासा परवडतो, पण त्यात काटे फार. त्यामुळे तो मुलांच्या ताटात वाढायला आई धजत नाही आणि तळलेला मासा हॉटेलातल्या एखाद्या दिवसापुरता राहतो.

भगिनींनो, थोडी माहिती असेल तर हाच स्वस्त मासा घरातल्या लहानथोरांना निर्धास्त खाता येतो.

निवड

तापीवरचे हतनूर, तसेच वाघूर, गिरणा, अनेर ही धरणे आपल्या जवळची. गोड्या पाण्यातले रोहू, कटला, मृगल आणि टिलापिया (चिलापी) जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळतात. लहान मुले असतील तर टिलापिया घ्यावा. त्याच्या मांसात रोहूसारखे दोन फाट्यांचे बारीक काटे नसतात. रोहूच घ्यायचा असेल तर पोटाकडचे तुकडे मुलांसाठी ठेवावेत. तिथे मोठ्या फासळ्या असतात, त्या सहज दिसतात. बारीक काटे पाठीकडे आणि शेपटीकडे जास्त.

माशाला जबह करावे लागत नाही. पाण्यातली शिकार हलाल असल्याचे सूरह माइदात (आयत ९६) सांगितले आहे. मात्र पाण्यात आपोआप मरून उलटा तरंगलेला मासा हनफी मसलकात खात नाहीत. म्हणून घेताना डोळे चमकदार, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे आहे, हे पाहून घ्यावे.

काटे आणि वास

रोहूच्या पाठीकडच्या तुकड्यांना धारदार सुरीने अगदी जवळजवळ चिरा द्याव्यात. चीर मांसातून खाली जावी, पण कातडी तुटू नये. बारीक काटे चिरले जातात आणि गरम तेलात कुरकुरीत होतात. तरीही लहान मुलाला घास आईने हाताने चाचपूनच द्यावा.

धरणाच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांपासून तयार होणारा एक पदार्थ त्याला कारणीभूत असतो. लिंबाच्या आंबटपणाने तो वास कमी होतो.

कृती

एक किलो साफ केलेल्या तुकड्यांना दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका लिंबाचा रस लावून १५ मिनिटे ठेवावे. मग धुऊन स्वच्छ कापडाने नीट टिपावे. ओल्या तुकड्यावर पीठ टिकत नाही. आता दोन चमचे आले-लसूण वाटण, दोन चमचे लाल तिखट आणि चवीपुरते मीठ चोळून अर्धा तास मुरू द्यावे.

एक वाटी बेसन, पाव वाटी तांदळाचे पीठ, अर्धा चमचा ओवा, चिमूटभर हळद आणि मीठ थंड पाण्यात कालवावे. बोट बुडवल्यावर पिठाचा पातळ थर राहिला पाहिजे. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो.

तेलात पिठाचा थेंब टाकावा. तो लगेच वर आला की तेल तयार. एका घाण्यात चार-पाचच तुकडे सोडावेत. जास्त सोडले तर तेल थंड होते आणि आवरण तेलकट होते. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटांत दोन्ही बाजू खरपूस होतात. सोबत कळण्याची भाकरी, कांदा आणि लिंबू.

दोन खबरदाऱ्या

तळलेले तेल गाळून एकदा भाजीला वापरता येते. इसराफ नको, पण काळे पडलेले, फेस किंवा धूर येणारे तेल पुन्हा तापवणे ही काटकसर नाही. विक्रीसाठी तळणाऱ्यांच्या तेलाबाबत २०१८ पासून सरकारी मर्यादा आहे. घरात आपले डोळे आणि नाक हीच मोजपट्टी.

दुसरी खबरदारी घशातल्या काट्याची. आपल्या केळीच्या मुलखात असे झाले की केळे किंवा कोरडी भाकरी गिळायला देतात. त्याने काटा आणखी रुतू शकतो. बोटही घालू नये. दुखणे राहिले, गिळता येईना किंवा रक्त आले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. श्वास अडत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

शेवटी एक गोष्ट. गरम गरम वाढण्याच्या नादात तळणारी उभीच राहते आणि तिच्या वाट्याला शेपट्या व पिठाचा चुरा येतो. सगळे घाणे आधी काढून ताट झाकावे, सर्वांनी दस्तरखानावर एकत्र बसावे आणि पोटाकडचा एक तुकडा तिच्यासाठीही ठेवावा. बरकत एकत्र जेवण्यात आहे.