उसनवारीची आज्ञावली

घर बांधणारा गवंडी चुना स्वतः भाजीत बसत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत वणीजवळचें राजूर कोळसा आणि चुना यांसाठीं ओळखलें जातें. गवंडी असा भाजलेला चुना आणतो, तो नीट विझवितो आणि मगच भिंतीस लावतो. न विझलेला एखादा कण आंत राहिला तर पुढें ओल लागून तो फुगतो आणि गिलाव्यास फोड येतो. संगणकाची आज्ञावली रचणाराही असाच दुसऱ्यानें तयार केलेल्या मालावर काम करतो. त्या मालास 'लायब्ररी' म्हणतात. नांव ग्रंथालयाचें असलें तरी तींत पुस्तकें नसतात. एखादें काम करणाऱ्या तयार आज्ञांचा तो संग्रह असतो.

समजा, राजूरच्या एका तरुणास भट्टीवरून गेलेल्या गोण्यांची मराठी पावती छापणारी आज्ञावली लिहावयाची आहे. 'किंमत' हा शब्द संगणक सांठवितो तेव्हां आधीं 'क' येतो आणि मागाहून ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी 'क'च्या डावीकडे हवी. 'खर्च' या शब्दांत 'च'च्या आधींचा 'र' रफार होऊन 'च'च्या माथ्यावर चढला पाहिजे. हे सारे नियम स्वतः लिहूं गेल्यास महिने जातील. 'हर्फबझ' नांवाची लायब्ररी नेमकें हेंच काम करते. फायरफॉक्स व लिब्रेऑफिस यांतही अक्षरें जुळविण्यास तीच आहे.

लायब्ररी जोडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी. लायब्ररीची फाईल उतरवून घ्यावी, प्रकल्पाच्या फोल्डरमध्यें ठेवावी आणि एक्लिप्ससारख्या, आज्ञावली लिहिण्याच्या साधनास तिचा पत्ता दाखवावा. पुष्कळदां हा पत्ता केवळ स्वतःच्या यंत्रापुरताच खरा असतो. मग आज्ञावली राजुरास चालते आणि वणीच्या कचेरींत नेली कीं लायब्ररी सांपडत नाहीं म्हणून थांबते. दुसरी रीत अधिक बरी. प्रकल्पाच्या मुळाशीं एक यादीची फाईल असते. तींत लायब्ररीचें नांव आणि आवृत्ति एवढेंच लिहावयाचें. मेव्हन किंवा एनपीएम यांसारखें साधन ती सार्वजनिक भांडारांतून आणतें, आणि ती स्वतः ज्या दुसऱ्या लायब्रऱ्यांवर अवलंबून असेल त्याही आणतें.

आवृत्तीचे अंक बहुधा तीन असतात. पहिला बदलला तर जुनें काम मोडण्याचा संभव. दुसरा बदलला तर नवी सोय. तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती. ही प्रथा आहे, हमी नव्हे. म्हणून आलेल्या सर्व लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या टिपून ठेवणारी 'लॉक-फाईल'ही जपावी.

न बोलावितां मागून आलेल्या या लायब्रऱ्याच कधीं महाग पडतात. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्यानें भांडारांतून काढून घेतली आणि जगभर अनेक प्रकल्पांची बांधणी अडली. भांडाराच्या चालकांस ती परत ठेवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्यें 'लॉग-फोर-जे' या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररींत असा दोष आढळला कीं, बाहेरच्या माणसानें धाडलेली एक ओळ नोंदली गेली तरी त्यास त्या यंत्रावर आपल्या आज्ञा चालवितां येत. आपल्या आज्ञावलींत ती लायब्ररी कोठें आहे, हेंच अनेक संस्थांस शोधीत बसावें लागलें.

तेव्हां नवी लायब्ररी जोडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हें काम मला पांचपंचवीस ओळींत करतां येईल काय? तिची देखभाल कोणी करीत आहे काय? तिचा परवाना मला ती वापरूं देतो काय? आणि ती आपल्यामागून आणखी काय घेऊन येते? दुसऱ्याच्या मालावर काम करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु पावती चुकीची छापली गेली तर गिऱ्हाईक लायब्ररीच्या कर्त्यास विचारावयास जाणार नाहीं. तें राजूरच्या त्या तरुणासच विचारील. चुना कोणीही भाजलेला असो, भिंतीस फोड आला तर जाब गवंड्यासच द्यावा लागतो.