एकच कसोटी, एकच दार
गणवेशातली समानता : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण इस्रायलची पद्धत पाहिली. तिथे स्त्रियांनाही लष्करी सेवा सक्तीची आहे. पण तिचा काळ पुरुषांपेक्षा कमी आणि विवाहितेला त्यातून सूट. म्हणजे सक्ती आहे, पण ती सारखी नाही. सारखी सक्ती कशी असते हे पाहायला आज नॉर्वेत जाऊ.

जून २०१३ मध्ये नॉर्वेच्या संसदेने सक्तीची सेवा मुलींनाही लागू करण्याचा निर्णय घेतला. १ जानेवारी २०१५ पासून कायदा अमलात आला आणि २०१६ मध्ये पहिल्या मुली छावणीत दाखल झाल्या. तेव्हा देशावर युद्ध आलेलं नव्हतं की जवान कमी पडत नव्हते. देशाचं रक्षण हे नागरिकाचं कर्तव्य असेल, तर निम्मे नागरिक त्यातून वगळायचे कशासाठी, एवढाच सवाल होता.

सक्ती म्हटलं की घराघरातून मुली ओढून नेल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात सतराव्या वर्षी मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला एक प्रश्नावली भरावी लागते : प्रकृती कशी, शिक्षण काय, सेवेची इच्छा किती. त्यातून निवडलेल्यांची शारीरिक आणि बौद्धिक चाचणी होते. दरवर्षी साधारण ६० हजार तरुण-तरुणींपैकी सेवेत जातात सहातला एखादाच. त्यांत आज मुली सुमारे एक तृतीयांश आहेत.

उत्तर नॉर्वेतल्या एका छावणीत तर सहा जणांच्या खोलीत दोन मुली आणि चार मुलगे ठेवून पाहिले. अभ्यासकांना आढळलं ते अनेकांच्या अंदाजाच्या उलट होतं : एकत्र राहिल्याने भावंडांसारखं नातं जुळलं, त्रास देणं कमी झालं. छळाचा प्रश्न मात्र तिथेही संपलेला नाही. लष्कराच्याच पाहणीने तो उघड केला. खोली एक केली म्हणून शिस्तीची जबाबदारी टळत नाही.

२०१४ मध्ये तिथल्या विशेष दलाने फक्त मुलींची ‘येगरट्रोपेन’ ही प्रशिक्षण तुकडी उभारली. अफगाणिस्तानात तैनात पुरुष जवानांना तिथल्या घरांतल्या बायकांशी बोलता येत नव्हतं, ही अडचण त्यामागे होती. स्त्री ही इथे लष्कराची गरज होती.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, तेव्हा प्रश्न उरतो संधीचा. हवाई दलात २०१६ पासून मुली लढाऊ विमानं चालवतात, २०२३ पासून तोफखान्यातही त्या अधिकारी आहेत. पायदळ आणि रणगाडा दल मात्र बंद आहे. कारण सांगितलं जातं शारीरिक ताकदीचं. ते खोटं नाही. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढता आलाच पाहिजे, जखमी साथीदाराला उचलता आलंच पाहिजे. ही अट मुलींसाठी सैल करू नये, असं मी ठामपणे म्हणेन. त्यात तिचा आणि तिच्या तुकडीचा जीव गुंतलेला असतो. पण अट पार करणारीला केवळ मुलगी म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तीन वर्षं त्याच मैदानावर त्यांच्यासोबत घाम गाळलेल्या मुलांना पायदळ मागता येतं. या मुलींना येत नाही. हे बदललं पाहिजे.