बॅटरी विकतची की भाड्याची?

गटाच्या कामासाठी बारामती–इंदापूर ये-जा करायला विजेवरची चारचाकी घ्यायचा विचार असेल, तर आधी बॅटरीचा हिशेब मांडा.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीची विंडसर गाडी आली. बॅटरीसह शोरूममधली सुरुवातीची किंमत होती साडेतेरा लाख. बॅटरी भाड्यानं घेतली तर गाडी तेव्हा दहा लाखांत होती. पण चालेल त्या किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं होतं.

आता बघा. इंदापूरला जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर होतात. म्हणजे त्या दरानं फेरीला ३५० रुपये भाडं, वीजबिल वेगळं. अशा हजार फेऱ्या झाल्या की सुरुवातीला वाचलेले साडेतीन लाख भाड्यातच गेले, आणि पुढंही भाडं चालूच. मात्र विकतच्या बॅटरीसाठी कर्ज काढणार असाल, तर त्याचं व्याजही धरा.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. गाडी उभी राहिली तरी महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरायचे? बॅटरी बिघडली तर खर्च कुणाचा?

देखभाल थोडीच असते. इंजिन ऑइल बदलायचं नाही; टायरची हवा तेवढी बघत राहा. घरी चार्जिंग करण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मात्र तपासून घ्याच.