आवाज फाडणारी डबी: हेवी मेटलसाठी पेडल निवडताना

पहिल्यांदा बँडबरोबर वाजवायला गेलो, तेव्हा महिनाभर घरी घोटलेला आवाज सोबत नेला होता. बास पूर्ण, ट्रेबल पूर्ण, मिड शून्य आणि गेन नॉब फिरेल तिथपर्यंत. खोलीत एकट्याने वाजवताना भिंती हलतायत असं वाटायचं. दोन गाणी झाली, ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "तू सुरू कधी करणारेस?"

पेडल तेच ठेवलं. मिड वर केला, गेन निम्म्यावर आणला, आणि तिसऱ्या गाण्यात मी ऐकू आलो. तेव्हापासून कुणी "मेटलसाठी कुठलं पेडल घेऊ?" असं विचारलं की मी गेनबद्दल फारसं बोलत नाही. गेन हल्ली स्वस्तातल्या डबीतही पोत्याने मिळतो. पैसे मोजायचे ते मिडच्या हिशेबाने.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं

पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी किरकोळ असतो. पेडल तो शेकडो पट फुगवतं आणि डायोडच्या जोडीवर नेऊन आदळतं. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो, त्यामुळे त्याच्या वरचा लहरीचा शेंडा उडतो. गोल लहर चपटी झाली की तिच्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे स्वर येऊन बसतात. आपल्याला जो करकरीतपणा ऐकू येतो तो त्यांचा.

दोन स्वर एकत्र वाजले तर आणखी एक गंमत होते: त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. मेटलमधला पॉवर कॉर्ड म्हणजे नुसते सा आणि प. खालची मोकळी ई तार ८२.४ हर्ट्झवर वाजते आणि तिचा पंचम १२३.५ च्या आसपास. वजाबाकी ४१, म्हणजे बास गिटारची सर्वांत खालची ई. दोन बोटांचा कॉर्ड डोंगराएवढा वाटतो तो या फुकटात मिळालेल्या खर्जामुळे. त्यात गंधार घातलात तर वजाबाक्या इतक्या सरळ जुळत नाहीत आणि चिखल होतो. दुकानात पेडल तपासताना म्हणूनच एकदा पूर्ण मेजर कॉर्ड वाजवून बघावा. तो जितका ओळखू येईल, तितकं पेडल नेटकं.

खर्ज आधी कापायचा, मग भरायचा

जड आवाज हवा म्हणून डिस्टॉर्शनच्या आधीच बास वाढवणं ही नव्या माणसाची हमखास चूक. जाड खर्ज डायोडवर आदळला की सगळी जागा तोच अडवतो. तळहात तारांवर टेकवून वाजवलेले पाम म्यूट एकमेकांत मिसळतात आणि घोडदौडीचा रिफ ओल्या गोधडीवर बडवल्यासारखा येतो. चांगलं मेटल पेडल खर्ज आधी छाटतं, मग आवाज फाडतं आणि शेवटी हवा तेवढा बास परत भरतं.

हा शोध जुना आहे. ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम मेटलचा आरंभ मानला जातो. त्यात टोनी आयोमीने लेनी ॲम्पच्या पुढे डॅलस रेंजमास्टर लावला होता, आणि तो चक्क ट्रेबल बूस्टर होता. आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमरचा धर्मही तोच. त्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना गेन कमी कमी मिळत जातो. म्हणून आधीच फाटलेल्या ॲम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमर ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण आणि टोन मध्यावर ठेवून लावतात. ब्लूजवाल्यांचं पेडल मेटलच्या पेडलबोर्डांवर जाऊन बसलं ते असं.

दोन डब्या, दोन स्वभाव

बॉसची कॉम्पॅक्ट पेडलं ७३ मिलिमीटर रुंद, १२९ लांब आणि ५९ उंच असतात. बुटाखाली एक नीट मावतं, चार-पाच एका पाटीवर बसतात. त्यातली दोन मेटलवाल्याला माहीत असावीतच.

एचएम-२ हेवी मेटल हे काळं, नारिंगी अक्षरांचं पेडल १९८३ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये बंद झालं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरनेही त्या दशकात ते वापरलं, यावर आजही कुणाचा पटकन विश्वास बसत नाही. पण त्याला खरा जन्म दिला स्टॉकहोमच्या पोरांनी. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कॉग्सबर्गने ध्वनिमुद्रित केलेला एन्टूम्डचा १९९० चा 'लेफ्ट हँड पाथ' ऐका. लाकूड कापायच्या यंत्रासारखा तो आवाज चारही नॉब पूर्ण फिरवून काढायची रीत पडली. ऐकणाऱ्याला वाटतं, हा निव्वळ गेनचा राक्षसीपणा. पण या पेडलचा 'हाय' नॉब ट्रेबलच्या नावाखाली एक किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वर उचलतो, म्हणजे चक्क मिड! बँडच्या गदारोळातून तो आवाज कापत जातो तो या पट्ट्याच्या जोरावर. जुनी डबी शोधत फिरायची गरज नाही. बॉसने २०२० मध्ये वाझा क्राफ्ट मालिकेत एचएम-२डब्ल्यू काढलं आणि बेहरिंजरचं प्लास्टिकच्या खोक्यातलं एचएम३०० त्याच वळणाचं आहे. मात्र या पेडलला एकच भाषा येते. ती तुमच्या गाण्यांची नसेल तर पंधरा दिवसांत कंटाळाल.

एमटी-२ मेटल झोन १९९१ चं, आणि त्याच्याइतक्या शिव्या दुसऱ्या पेडलने खाल्ल्या नसतील. माझ्या मते शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. त्यात चार नॉबांच्या जागेत सहा नियंत्रणं आहेत. मिड किती, हे एक नॉब ठरवतो आणि मिड नेमका कुठला, हे दुसरा. २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत. इतकी मोकळीक असली की बिघडवायलाही तितकीच मोकळीक. डिस्टॉर्शन दहाच्या काट्यावर, हाय त्याहून थोडा खाली आणि मिड मध्याच्या किंचित वर ठेवा. मग मिडची जागा ठरवणारा नॉब सावकाश फिरवत जा. एका ठिकाणी नाकातला आवाज येतो, दुसऱ्या ठिकाणी डबा वाजतो, आणि मध्ये कुठेतरी गिटार अचानक पुढे येऊन उभी राहते. तिथे थांबा.

पेडल कशात लावणार?

खरं तर हा प्रश्न पहिला. ॲम्प स्वच्छ आवाजाचा असेल तर सगळं काम पेडलला करायचंय, तेव्हा तीन पट्ट्यांचा इक्वलायझर असलेलंच घ्या. ॲम्पमध्ये इफेक्ट्स लूप असेल तर मेटल झोनसारखं पेडल मागच्या रिटर्नमध्ये लावून बघा. ॲम्पचा प्रीॲम्प बाजूला पडतो आणि पेडल त्याच्या जागी बसतं. ॲम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन आवडत असेल तर मेटल पेडल हवंच कशाला, ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं काहीतरी पुरेल.

आणि फ्लॅटमध्ये राहणारे, हेडफोन लावून कॉम्प्युटरवर वाजवणारे? गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज बाहेर सोडतच नाही. तो स्पीकर वगळून पेडल थेट कॉम्प्युटरला जोडलं तर बाटलीत कोंडलेल्या मधमाश्या ऐकू येतात. पेडल परत करायला धावू नका, आधी कॅबिनेटची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लावा.

दुकानात

स्वतःची गिटार न्या. दुकानातल्या भारी हंबकरवर सगळंच छान वाटतं. फोनवर ओळखीचं गाणं लावा आणि त्याच्याबरोबर वाजवा. एकट्याने ऐकून पेडल घेतलं की माझ्यासारखी गत होते. गिटारचा व्हॉल्यूम सहापर्यंत खाली आणा. आवाज मोकळा झाला पाहिजे, मेला नाही पाहिजे. मग वाजवता वाजवता झटकन थांबा आणि मधल्या शांततेत काय उरतं ते ऐका.

खरखर आणि वीज

थोडी खरखर राहणारच, कारण तारेबरोबर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूंही शेकडो पट वाढते. सिंगल कॉइल पिकअपला ती जास्त लागते. नॉइज गेट उपयोगी पडतो, आणि एमएक्सआरच्या फुलबोर मेटलमध्ये तो आतच बसवलेला आहे. पण तारांना बोट लावल्यावर घूं कमी होत असेल तर गेट घेण्याआधी प्लग पॉइंटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत भोक तीन आणि तारा दोनच, असं सर्रास असतं. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन मात्र कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे.

ॲडॉप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला. सेकंडहँड बॉस घेताना खालचं लेबल वाचा. एसीए असं लिहिलेली जुनी पेडलं आजच्या ॲडॉप्टरवर एकटी लावली तर दिवा मिणमिणतो, आणि विकणारा ती बिघडलीयत म्हणून स्वस्तात काढतो. बॅटरीवर वाजवत असाल तर झाल्यावर इनपुटमधली केबल उपटून ठेवा. पायाने बंद केलेलं पेडलही केबल आत असेपर्यंत बॅटरी पीतच राहतं.