डीबगरची उलटतपासणी

प्रोग्राममधली चूक शोधायला डीबगर असतो. पण डीबगरच चुकीचं सांगू लागला तर? व्हेरिएबलची खरी किंमत १५ आणि पडद्यावर दिसतंय भलतंच काही. मग प्रोग्रामर बिनचूक ओळींवर संशय घेत बसतो, धडधाकट कोड बदलतो आणि मूळ दोष तसाच राहतो. सॉफ्टवेअरमधल्या इतर कितीतरी चुकांपेक्षा मला ही चूक जास्त घातक वाटते, कारण ती शोध घेणाऱ्यालाच आडवाटेला नेते.

लिनक्सवर सी आणि सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातला डीबगर म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. टर्मिनलवर प्रॉम्प्ट येतो, आपण कमांड टाइप करायची, त्याने उत्तर द्यायचं, असा हा सगळा संवादाचा मामला. उत्तर साधं दिसलं, तरी त्यामागे बरीच खटपट असते. ब्रेकपॉइंटचंच घ्या. एक्स८६ प्रोसेसरवर जीडीबी चालू प्रोग्रामच्या मेमरीतला एक बाइट उचलून बाजूला ठेवतो आणि त्या जागी २०४ हा आकडा बसवतो. प्रोसेसर तिथे पोचला की अडतो, ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम थांबवते आणि डीबगरला कळवते. आता वापरणाऱ्याने तीच मेमरी दाखवायला सांगितली, तर त्याला मूळ बाइट दिसला पाहिजे, डीबगरने घुसवलेला नव्हे. असे बारकावे शेकड्यांनी आहेत. कोडमध्ये एखादा बदल झाला की ते सगळे हाताने तपासणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून टाइप करणारा आणि उत्तर वाचणारा, दोन्ही प्रोग्रामच. त्याचा पाया आहे एक्स्पेक्ट. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर उभारलेलं हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या डॉन लाइब्स यांनी १९९० मध्ये लिहिलं. पुढे त्यावर डेजाग्नू नावाची चाचणी-यंत्रणा उभी राहिली आणि जीडीबीच्या चाचण्या आजही तिच्यावरच चालतात. चाचणी लिहिणारा आधी एक छोटा सी प्रोग्राम तयार करतो. यंत्रणा तो कंपाइल करते, डीबगरमध्ये उघडते, ब्रेकपॉइंट लावते आणि मग एकेक कमांड देऊन प्रत्येक उत्तर ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. ब्रेकपॉइंटची जागाही ओळ क्रमांकाने सांगायची नाही, असा चांगला रिवाज आहे. त्या ओळीवर 'इथे थांब' अशा अर्थाची टिप्पणी लिहून ठेवायची आणि ती शोधून क्रमांक काढायचा. वर दोन ओळी वाढल्या म्हणून चाचणी बिघडत नाही.

खरी मेख आहे ती उत्तर ऐकण्यात. डीबगरचं उत्तर एकगठ्ठा येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. समजा, 'बरोबर १' एवढाच नमुना ठेवला आणि डीबगरने चुकून 'बरोबर १५' म्हटलं, तर पहिला आकडा जुळताच चाचणी उत्तीर्ण! म्हणून नमुन्याच्या शेवटी पुढचा प्रॉम्प्टही जोडलेला असतो: उत्तर संपलं, डीबगर पुन्हा तयार झाला, मगच निकाल. तो जोडला नाही, तर उरलेला मजकूर पुढच्या कमांडच्या माथी येतो आणि एका चुकीपायी पुढच्या दहा निर्दोष चाचण्या नापास होतात. शिवाय तपासला जाणारा प्रोग्रामही त्याच टर्मिनलवर लिहीत असतो. त्याचा मजकूर आधी येईल की डीबगरचा, याची शाश्वती नसते.

असे दोष फार छळतात, कारण तुकडे कुठे पडतील हे मशीनवरच्या भारावर अवलंबून असतं. आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. यावर जीडीबीच्या मंडळींनी काढलेली तोड मला विलक्षण आवडते. एक छोटी लायब्ररी एक्स्पेक्टच्या आधी लोड करायची. टर्मिनलवरून येणारा मजकूर ती त्याला एका वेळी एकच अक्षर वाचू देते. एरवी क्वचित घडणारी वाईटात वाईट परिस्थिती अशी मुद्दाम, दरवेळी घडवून आणली जाते. अर्ध्या उत्तरावर समाधान मानणारी चाचणी तिथल्या तिथे उघडी पडते.

निकालही फक्त पास-नापास नसतो. दोष कंपायलरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असेल तर वेगळा शेरा, जीडीबीच्याच माहीत असलेल्या, अजून न सुटलेल्या बगसाठी वेगळा. असा जुना बग अचानक नाहीसा झाला, तर तेही नोंदलं जातं.

कंपायलरची अडचण मात्र यातून सुटत नाही. व्हेरिएबल कुठे ठेवलंय, कुठली ओळ कुठल्या पत्त्यावर आहे, ही माहिती कंपायलर ड्वार्फ नावाच्या स्वरूपात फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि डीबगर तिच्यावर भिस्त ठेवतो. नवी आवृत्ती आली की ही माहिती बदलू शकते. मग ज्या विचित्र रचनेमुळे पूर्वी डीबगर कोसळला होता, ती पुन्हा मिळवायची कशी? जीडीबीच्या चाचण्यांमध्ये त्यासाठी ड्वार्फ स्वतःच रचण्याची सोय आहे. चाचणी लिहिणारा कंपायलरला बाजूला सारून ती माहिती हवी तशी मांडतो, गरज पडली तर मुद्दाम सदोष, आणि अशी फाइल समोर आल्यावर डीबगर न कोसळता नीट तक्रार नोंदवतो का, ते पाहतो.