साताऱ्याला ऑरेंज, म्हसवडला ऊन

‘साताऱ्याला ऑरेंज अलर्ट’ अशी पट्टी टीव्हीवर फिरायला लागली, की म्हसवडात ताडपत्री शोधायला कुणी धावत नाही. स्टँडजवळच्या हॉटेलातला चहावाला मान वर करतो, “म्हाबळेश्वरला असंल” म्हणतो आणि पुढचा कप भरतो. त्याचं फारसं चुकतही नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हसवड ज्यात येतं तो आमचा माण तालुका साडेचारशे-पाचशेवर वर्ष काढतो, आणि तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरात. जिल्हा मात्र एकच, त्यामुळे टीव्हीच्या नकाशावर रंगही एकच.

गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. समोर वृत्तवाहिनी लावायची, हातात मोबाईलवर हवामान खात्याचं मूळ पत्रक घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. पत्रक दिसायला रुक्ष, पण त्यातला प्रत्येक शब्द मापून टाकलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे चारातल्या फार तर एका केंद्रावर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. मुसळधारलाही माप आहे: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना नुसता पाऊस किती एवढंच बघत नाहीत, त्यानं काय नुकसान होऊ शकतं आणि तशी शक्यता किती, हेही धरतात.

हे सगळं स्टुडिओपर्यंत पोचतं, पण पडद्यावर येताना गळतं. एका दुपारी पत्रकात साताऱ्याच्या घाटमाथ्याला नारिंगी रंग होता आणि उरलेल्या जिल्ह्याला तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. संध्याकाळी टीव्हीवर ‘घाटमाथा’ गायब, ‘तुरळक’ गायब. राहिलं काय, तर ‘साताऱ्यात धो धो’, आणि पाठीमागे कधीच्या तरी पुराची चित्रफीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा टीव्ही लावला, तर ‘पुढील २४ तास महत्त्वाचे’ ही कालचीच पट्टी फिरत होती. कुठल्या वेळेपासूनचे चोवीस तास? खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. पट्टीला ना साडेआठ माहीत, ना पत्रक निघाल्याची वेळ. वर त्याच वाहिनीवर थोड्या वेळाने पावसाच्या चालू नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव याचीही चर्चा झाली, तितक्याच गंभीर चेहऱ्यानं!

शेजारच्या नानांची डाळिंबाची बाग आहे. बाग फुटायला आली की त्यांचा जीव आभाळात अडकलेला असतो. पाऊस आणि दमट हवा झाली की तेल्या रोग पसरतो. तो रोखायला फवारणी करावी, तर वरून सर आली की औषध धुऊन जातं आणि पंपामागचे पैसेही त्याबरोबर वाहून जातात. “उद्या फवारू का नगं, येवढंच सांग. समुद्रात काय चाललंय ते मला नगं,” असं ते म्हणतात. मी त्यांना पत्रकातला ‘तुरळक’ समजावून सांगितला. ते म्हणाले, “म्हंजी चारातला एक. मग मारतो.” आणि मारली. टक्केवारी लोकांना कळत नाही, असं स्टुडिओत बसून कुणी ठरवलं असेल तर त्यानं माणात यावं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तरच भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे.

वादळाचा इशारा असला की ही गळती जास्त महागात पडते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा बहुतेक कॅमेरे मुंबईत रोखलेले होते. खात्यानं अलिबागच्या आसपासचा किनारा सांगितला होता आणि वादळ तिथंच, अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. पडद्यावर तेव्हा निकाल लागला होता: ‘मुंबईवरचं संकट टळलं’. अंदाज बरोबर आला होता, तरी कित्येक प्रेक्षकांच्या डोक्यात ‘नुसताच गाजावाजा’ अशीच नोंद राहिली.

आमच्याकडचं वादळ तर पडद्यावर वादळ म्हणून दिसतच नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकिनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडून सोलापूर-सांगलीकडे सरकलं. खात्यानं मध्य महाराष्ट्राला इशारा आधीच दिला होता. पण चक्रीवादळ म्हणजे कोकण, हे टीव्हीनं इतकं पक्कं करून ठेवलंय, की पूर्वेकडून येणाऱ्या पावसाला कुणी वादळात धरलंच नाही. १४ तारखेला पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. २०२५ च्या मे महिन्यात फलटण-बारामतीच्या पट्ट्यात पावसानं जी दाणादाण उडवली, ती बघता ‘आपला दुष्काळी भाग, आपल्याला कशाचा अलर्ट’ म्हणायची सोयही आता राहिलेली नाही.

विश्वास असा सुटला, की लोक दुसरीकडे वळतात. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डखांचे पावसाच्या अंदाजाचे संदेश आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतात. तारीख आणि जिल्हा घेऊन, शेतकऱ्याशी बोलावं तसं ते बोलतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतात, आणि बरेच दिवस आधी नेमकी तारीख सांगता येत नाही हे मलाही पटतं. पण लोक तिकडे का जातात, हे आक्षेप घेऊन कळत नाही. आणि खातं प्रत्येक वेळी बिनचूक असतं असंही नाही. २००२ साली पाऊस सरासरीइतका सांगितला आणि देशभर दुष्काळ पडला. २०१७ च्या जुलैत तर माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाजावर विसंबून पेरणी बुडाली म्हणून खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. मात्र देशभरच्या चार महिन्यांचा अंदाज वेगळा आणि उद्याचा इशारा वेगळा. दुसरा पहिल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. टीव्हीवर दोन्ही एकाच सुरात, एकाच संगीतावर वाजतात.

टीव्हीला जमत नाही ते रेडिओला जमतं. म्हसवडात २००८ पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सांगली आकाशवाणी त्याहून कितीतरी जुनी, १९६३ ची. शेतीचे कार्यक्रम ऐकणारी पिढी अजून आहे. रेडिओजवळ नकाशा नाही, म्हणून तालुक्याचं नाव घेऊनच बोलावं लागतं, आणि तेच इथं उपयोगाला येतं.

वृत्तवाहिन्यांकडे मागणं मोठं नाही. पट्टीवर पत्रक निघाल्याची वेळ टाका. ‘तुरळक’, ‘काही’, ‘अनेक’ हे शब्द गाळू नका. आणि साताऱ्याचा नकाशा रंगवताना घाटमाथा वेगळा आणि माण-खटाव वेगळा दाखवा. तोवर वाचकांनी खात्याचं पत्रक स्वतः उघडून बघावं. ते मराठीतही मिळतं, फुकट असतं आणि वाचायला दोन मिनिटं पुरतात.