नायिका कोंडलेली, किल्ली वाचणारीकडे

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. गर्दी पांगेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "सर, माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. नोकरी करते, कुणाचा शब्द खाली पडू देत नाही. आणि वाचते काय, तर नायक नायिकेला पळवून नेतो, कोंडून ठेवतो, शेवटी दोघांचं प्रेम जमतं, असली इंग्रजी पुस्तकं. तिचं काही बिनसलंय का हो?" मी म्हटलं, याचं उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. म्हणून आजचा विषय घेतला.

या पुस्तकांना आता 'डार्क रोमान्स' म्हणतात आणि त्यातल्या कैदेच्या गोष्टींना 'कॅप्टिव्ह रोमान्स'. इंटरनेटमुळे ही पुस्तकं घराघरांत पोचली हे खरं, पण गोष्ट जुनी आहे. १७४० साली सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' आली. त्यात धनी आपल्या मोलकरणीला दूरच्या वाड्यात डांबतो आणि शेवटी तिच्याशीच लग्न करतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी राक्षसाच्या महालात राहावं लागलेल्या सुंदरीची कथा छापली. आपण तिला 'ब्यूटी अँड द बीस्ट' म्हणून ओळखतो.

आजच्या पुस्तकांची खरी आजी मात्र १९१९ सालची. ई. एम. हल या इंग्रज बाईंची 'द शेख'. डायना मेयो ही लग्न नको म्हणणारी, घोड्यावर मांड ठोकणारी मुलगी अल्जीरियाच्या वाळवंटात सहलीला निघते. शेख अहमद तिला पळवतो, तिच्यावर जबरदस्ती करतो. ती पळून जाते, तो पकडून आणतो, आणि मग तिच्या लक्षात येतं की आपण याच्या प्रेमात पडलोय. पुस्तक तुफान खपलं. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन सिनेमा निघाला. त्यात ती जबरदस्ती गाळली. आणि गंमत बघा, कादंबरीच्या शेवटी कळतं की शेख मुळात अरब नाहीच, इंग्रज उमरावाचा मुलगा आहे! म्हणजे वाचकाला धोका हवा होता, पण तेव्हाच्या गोऱ्या समाजाला परवडेल एवढाच.

आता मुख्य प्रश्न. बायकांना हे आवडतं कशामुळे?

नेहमीचं उत्तर असं: ज्या समाजात बाईनं इच्छा बोलून दाखवणं लाजिरवाणं असतं, तिथे जबरदस्तीची गोष्ट सोयीची पडते. नायिकेनं काही मागितलंच नाही, मग दोष कुणाला देणार? १९१९ साठी हे पटतं. पण आजची मुलगी तर आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगते. तरीही ती हे वाचते. म्हणजे हे उत्तर पुरत नाही.

दुसरं उत्तर १९८२ साली टानिया मॉडलेस्की या अभ्यासक बाईंनी मांडलं. त्यांच्या मते या गोष्टींत एक सूड दडलेला असतो. ज्याच्या हातात सगळी सत्ता, तोच शेवटी तिच्यावाचून हतबल होतो. कैदेत ती असते, पण गुडघे टेकतो तो. यात पुष्कळ तथ्य आहे.

मला स्वतःला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावात रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बसून गप्पा मारल्या. १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या बायकांना खरोखर क्रूर नायक खपत नव्हता. काही जणी तर विकत घेण्याआधी शेवट वाचून बघायच्या, गोड आहे ना म्हणून! आणि वाचायला बसल्या की घरच्यांनी हाक मारायची नाही, एवढा वेळ त्या स्वतःसाठी राखून ठेवायच्या.

हे लक्षात घ्या. आपल्याकडे कीर्तनात रुक्मिणीहरण रंगतं आणि सीताहरणाला डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही हरणंच. फरक एवढाच की रुक्मिणीनं स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावलं होतं. सीतेनं कुणालाही बोलावलं नव्हतं. या कादंबऱ्यांत नायिकेची अवस्था सीतेची असते, पण पुस्तक हातात धरणारी रुक्मिणी असते. तिनं पुस्तक निवडलं, शेवट तिला ठाऊक आहे, नको झालं तर मिटायला एक क्षण पुरतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात आपण किंचाळतो ते पाळणा थांबणार हे माहीत असतं म्हणून. एच. डी. कार्ल्टन यांच्या २०२१ च्या 'हाँटिंग ॲडलीन'मध्ये नायक नायिकेवर पाळत ठेवतो. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आत काय काय भयंकर आहे याची यादी दिलेली आहे. म्हणजे दारातच विचारलंय, येतेस का?

खऱ्या कैदेत असं कुणी विचारत नाही. १९७३ साली स्टॉकहोमच्या एका बँकेत चार जण सहा दिवस ओलीस होते. त्यांतल्या एकीनं थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितलं की दरोडेखोरांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची भीती जास्त वाटते. यावरून 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द निघाला आणि लोक तो या कादंबऱ्यांनाही चिकटवतात. मला ते पटत नाही. ती बाई जीव वाचवायचा हिशोब करत होती. त्या हिशोबाला प्रेम म्हणणं हा तिच्यावरच अन्याय.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे. 'हाँटिंग ॲडलीन'मध्ये नायकाच्या तोंडूनही प्रकरणं येतात. तो पाळत ठेवतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला आतून कळतं. खऱ्या आयुष्यात ते प्रकरण वाचायला मिळत नाही. तिथे दिसते ती नुसती पाळत: फोन तपासणं, मैत्रिणी तोडायला लावणं, ऑफिसबाहेर उभं राहणं. त्याचा शेवट कुणी आधी वाचून बघू शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती हे पुस्तक पडलं तर हा फरक तिच्याशी बसून बोलायलाच हवा.

त्या बाईंना मी आज उत्तर देतो. त्या इथे बसल्याच आहेत. ताई, मुलीचं काही बिनसलेलं नाही. पुस्तक लपवू नका, फेकू नका. एकदा चहा घेताना तिला विचारा, "हाच माणूस खरा समोर आला तर तू काय करशील?" माझा अंदाज आहे, ती हसेल आणि म्हणेल, "आई, पोलिसांत जाईन." तसं म्हणाली तर निश्चिंत व्हा. आणि हसायच्या ऐवजी गप्प झाली, तर पुस्तकाचा विषय तिथेच सोडा आणि तिच्या आयुष्यात सध्या कोण आहे, ते शांतपणे ऐकून घ्या.